चौतीस चेंडूंच्या आधीची वर्षं

नागपुरात १७ ऑक्टोबर २०२५ रोजी महाराष्ट्राच्या किरण नवगिरेने पंजाबविरुद्ध ३४ चेंडूंत शतक काढलं. महिलांच्या टी-ट्वेंटी क्रिकेटमध्ये एवढं वेगवान शतक त्याआधी कुणाचं नव्हतं. न्यूझीलंडच्या सोफी डिव्हाइनचा २०२१चा ३६ चेंडूंचा विक्रम त्या दिवशी मोडला. पंजाबच्या ११० धावांचा पाठलाग आठ षटकांत आटोपला. किरणच्या ३५ चेंडूंत नाबाद १०६, त्यात १४ चौकार आणि ७ षटकार. म्हणजे पळून काढलेल्या धावा फक्त आठ. एके काळी विद्यापीठासाठी शर्यती धावलेल्या मुलीने पळणं इतकं टाळावं, ही एक गंमतच.

ही किरण आपल्या सोलापूर जिल्ह्यातली. माळशिरस तालुक्यातलं मिरे हे तिचं गाव, घर शेतकऱ्याचं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात शिकताना ती भाला फेकायची, गोळा फेकायची, धावायची, कबड्डीही खेळायची. रीतसर क्रिकेट त्यानंतरचं. याच जिल्ह्यातल्या आमच्या मोहोळमध्ये त्या शतकाचं कौतुक झालं, पण आमच्या शेजारच्या सोप्यात त्यावरून जो वाद पेटला तो दिवाळी उलटली तरी विझला नाही.

वादाच्या एका बाजूला आप्पा. वय सत्तरीच्या पुढं, जुने पैलवान, कान अजून पैलवानाचेच. दुसऱ्या बाजूला कॉलेजातल्या शारीरिक शिक्षणाच्या मॅडम. आणि मधे आप्पांची नात, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. ती कबड्डी खेळते, भाला आणि गोळा फेकते, आणि गेल्या वर्षापासून क्रिकेटच्या संघातही आहे. नावं कुणाचीच लिहीत नाही. मोहोळ एवढं मोठं नाही. यंदा आंतरमहाविद्यालयीन कबड्डी आणि मैदानी स्पर्धा एकाच आठवड्यात आल्या, म्हणून मॅडम स्वतः घरी आल्या होत्या. मी चहाला होतो. पुढचं जवळजवळ जसं बोललं गेलं तसं देतो.

आप्पा : बरं झालं मॅडम, तुम्हीच आला. हिला जरा समजावा. कबड्डी खेळायची तर कबड्डी खेळ, भाला फेकायचा तर भाला फेक. मागच्या साली बॅट घेऊन आली. उद्या म्हणेल पोहायचंय.

मॅडम : म्हणू दे की. सीना नदीला पाणी असलं तर पाठवा.

आप्पा : चेष्टा नका करू. आपल्या मोहोळचा सिकंदर शेख बघा. बाप हमाली करत होता, पण पोराला कुस्ती सोडून दुसरं काही दाखवलं नाही. पोरगं कोल्हापूरला गंगावेश तालमीत राहिलं, नोव्हेंबर २०२३ला फुलगावात शिवराज राक्षेला आस्मान दाखवून महाराष्ट्र केसरी झालं. त्यानं कधी भाला फेकला? एक लंगोट, एक वस्ताद, एक माती. त्याला म्हणतात खेळ.

मॅडम : तालमीत सकाळी काय काय करायचा तुम्ही, आप्पा?

आप्पा : काय करायचो म्हणजे? पळून यायचो. दोरावर चढायचो. जोर, बैठका. हौदा खणायचा. करेला फिरवायचा.

मॅडम : मग पळणं आलं, चढणं आलं, वजन आलं, खोदकामसुद्धा आलं. एवढं सगळं करून वर कुस्ती.

आप्पा : ते सगळं कुस्तीसाठी होतं. पळायचो म्हणून मी शर्यतीला नाव नव्हतं दिलं. आणि हिचं काय? कबड्डीचा मंडळाकडचा कागद, गोळ्याचा कागद, भाल्याचा कागद, क्रिकेटचा कागद. फायलीला जागा नाही. नोकरीच्या पाच टक्के आरक्षणाला ह्यातला एक तरी चालतो का सांगा. तिथं वरच्या पातळीचं एक प्रमाणपत्र मागतात. झोनलची दहा जोडली तर ते दहा होत नाहीत, शून्यच राहतं.

इथे मॅडम गप्प झाल्या. खेळाडूंसाठीच्या आरक्षणाच्या नियमांत स्पर्धेची पातळी पाहिली जाते. किती खेळ खेळलात हे कुणी विचारत नाही. आप्पा हे वर्तमानपत्रात वाचून बोलत नव्हते. थोरल्या मुलाच्या कागदपत्रांच्या पडताळणीसाठी त्यांनी स्वतः खेटे घातले आहेत. या मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूचा आहे. ज्या घरात पोरीच्या खेळाचा अर्थ शेवटी नोकरी हाच असतो, तिथे हौसेची भाषा फार वेळ टिकत नाही.

मॅडम : ते मान्य. पण वाद किरणवरून पेटला होता. तिच्याबद्दल बोलू. तिनं विद्यापीठात भाला, गोळा, धावणं, कबड्डी असं सगळं केलं नसतं तर नागपूरला ते झालं असतं?

आप्पा : ते झालं, कारण तिनं सगळं सोडून बॅट धरली. तुम्ही फक्त अर्धीच गोष्ट सांगता. पोरीनं चार खेळ खेळले, ही अर्धी. तीन सोडले, ही दुसरी अर्धी.

मॅडम : सोडले कधी, ते बघा ना. कॉलेज झाल्यावर. अकराव्या वर्षी नाही.

आप्पा : म्हणूनच उशीर झाला. जन्म सप्टेंबर ९४चा. भारताकडून पहिला सामना सप्टेंबर २०२२ला, इंग्लंडविरुद्ध. अठ्ठावीस पुरी व्हायला आठवडा राहिला होता. त्यानंतर आशिया चषकाच्या संघात गेली आणि मग भारताच्या संघातून बाहेर. बोटांवर मोजावे इतके सामने. तेच आपल्या सांगलीची स्मृती मानधना. नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात, अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालच्या, सोळाव्या वर्षी भारताकडून. एकच खेळ, पहिल्यापासून. हिशेब लावा.

(आप्पांना हे तोंडपाठ कसं, असा प्रश्न मला पडला होता. नातीच्या मोबाइलवर ते रोज संध्याकाळी क्रिकेट बघतात, हे नंतर कळलं. नातीने क्रिकेट खेळू नये असं म्हणणारा माणूस क्रिकेट बघतोच, त्यात विसंगती काही नाही.)

मॅडम : हिशेब लावते. स्मृतीचे वडील आणि भाऊ सांगलीकडून जिल्हा पातळीवर खेळलेले. घरात किट, घरात नेट, भावाच्या मागं मागं मैदानात. मिऱ्यात काय होतं? किरण गावात पोरांबरोबर खेळायची. २०११च्या २ एप्रिलला वानखेडेवर धोनीनं षटकार मारून विश्वचषक जिंकला, तो तिच्या मनात बसला. पण बायकांचंही क्रिकेट असतं, त्याचे संघ असतात, त्यांच्या निवडी होतात, हे तिला कळायला पुढं कितीतरी वर्षं गेली. तिनं स्वतःच सांगितलंय. जी गोष्ट असते हेच ठाऊक नाही ती अकराव्या वर्षी कशी निवडायची?

आप्पा : बायकांचं क्रिकेट काय काल निघालं का?

मॅडम : तेच तर. १९७३मध्ये महिला क्रिकेटची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली ती पुण्यात. तीन संघ होते, त्यात महाराष्ट्र एक. भारतीय महिला क्रिकेट संघटनेच्या अध्यक्षा कोण, तर कराडच्या प्रेमलाकाकी चव्हाण. बीसीसीआयनं महिला क्रिकेट आपल्याकडे घेतलं २००६मध्ये. म्हणजे खेळ पुण्यात होता, नेतृत्व कराडचं होतं आणि माळशिरसपर्यंत त्याची खबर पोचायला चाळीस वर्षं लागली. त्यात पोरीनं चार खेळ खेळले हा दोष कुणाचा?

आप्पा : दोष कुणाचा का असेना, भोगायचं पोरीलाच. माझं म्हणणं तेच आहे. खबर नव्हती म्हणून ती चार ठिकाणी फिरली. हिला तर खबर आहे ना? मोबाइल आहे, तुम्ही आहात. मग हिनं कशाला फिरायचं?

मला वाटतं, सबंध वादातला सगळ्यात धारदार प्रश्न हाच होता. बहुखेळाडू म्हणून आपण ज्यांचं कौतुक करतो, त्यांपैकी किती जणांनी ते ठरवून केलं? पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, शरीर कमरेखाली लुळं पडलं. मग १९६८ला तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले आणि १९७२ला हायडेलबर्गमध्ये पन्नास मीटर पोहण्याचं सुवर्णपदक घेतलं, ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह. तिथे ते भालाफेकीतही उतरले होते. त्यांना कुणी विविध खेळांचे फायदे समजावून सांगितले नव्हते. नंदू नाटेकर मूळचे सांगलीचे. आधी टेनिस खेळायचे. कुमार गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५६मध्ये मलायात सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले, आणि १९६१मध्ये पहिल्यांदा अर्जुन पुरस्कार दिले गेले तेव्हा त्या यादीत होते. एकाला गोळीने वळवलं, एकाला पराभवाने. मी ही दोन्ही नावं मधे टाकली तेव्हा आप्पा आणि मॅडम दोघांनीही ती आपापल्या बाजूला ओढली.

आप्पा : बघा. नाटेकरांनी टेनिस सोडलं.

मॅडम : टेनिस खेळलेलं मनगट सोडलं नाही ना?

आप्पा : मनगटाचं काय घेऊन बसलात? भाला आणि बॅट ह्यांचा संबंध काय?

यावर मॅडम उठल्या. कोपऱ्यात आप्पांची काठी होती ती घेतली. साडीचा पदर खोचला आणि अंगणात उतरल्या. पुढे जे झालं ते लिहून दाखवणं अवघड आहे, तरी प्रयत्न करतो.

त्यांनी काठी भाल्यासारखी खांद्यावर धरली. दोन आडवी पावलं टाकली आणि डावा पाय पुढे सरळ रोवला. गुडघा वाकू दिला नाही. “इथं थांबते,” म्हणाल्या. “धावत आलेलं सगळं अंग ह्या पायावर अडतं. आता बघा काय आधी फिरतं.” आधी कंबर वळली. छाती अजून मागेच होती. मग खांदा आला, मग कोपर, आणि हात सगळ्यात शेवटी, चाबकाच्या टोकासारखा. काठी सोडली नाही, नुसती हवेत थांबवली. मग तीच काठी दोन्ही हातांत बॅटसारखी धरून त्या आडव्या उभ्या राहिल्या. पुन्हा डावा पाय पुढे, पुन्हा तो घट्ट, पुन्हा कंबर आधी आणि हात शेवटी. काठीचं टोक मिडविकेटच्या दिशेने, म्हणजे आप्पांच्या गोठ्याच्या दिशेने, वर गेलं.

“बायकांचा भाला सहाशे ग्रॅमचा,” मॅडम सांगत होत्या. “गोळा चार किलोचा. क्रिकेटचा बायकांचा चेंडू दीडशे ग्रॅमच्या आसपास. ज्या पोरीनं चार किलो लोखंड कमरेतून ढकललंय, तिला दीडशे ग्रॅम सीमापार करायला खांद्याचा जोर लागत नाही. पाय आणि कंबर लागते. तुमची नात आमच्याकडं आली तेव्हा तिला बॅट कशी धरायची ते येत नव्हतं. पण चेंडू लागला की जायचा. ते मी नाही शिकवलं. भाल्यानं शिकवलं.”

आप्पा : आणि कोपर?

मॅडम : काय?

आप्पा : भाला फेकताना हाताआधी कोपर येतं ना? आणि क्रिकेटला सीमेवरून चेंडू फेकायचा, तेही त्याच कोपरानं. गोळाही त्याच हातानं. चार खेळ असले तरी कोपर एकच आहे, मॅडम. आणि कबड्डीत गुडघा. परवा ह्या पोरीचा घोटा पकडून चौघी वर बसल्या. गुडघा गेला असता तर भाल्याचा तो रोवलेला पाय कुठून आणला असता तुम्ही?

मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी काठी परत कोपऱ्यात ठेवली. लहान वयात एकाच खेळाचा अतिरेक केला तर तोच सांधा, तेच स्नायू झिजतात, म्हणून पंधरा-सोळापर्यंत वेगवेगळे खेळ खेळू द्यावेत, हे क्रीडावैद्यकात आता बहुतेक सगळे मानतात. पण ते सांगणारे तज्ज्ञ हेही सांगतात की वर्षातून काही महिने विश्रांती हवी, एकाच मोसमात सगळं नको. आपल्या कॉलेजांत पावसाळा संपला की झोनल, झोनल संपलं की विद्यापीठ, विद्यापीठ संपलं की आंतरविद्यापीठ अश्वमेध स्पर्धा, आणि मधे परीक्षा. चारही खेळांचा मोसम एकच असतो. मग वेगवेगळे खेळ म्हणजे सांध्यांना आराम, हा हिशेब मोहोळच्या वेळापत्रकात बसत नाही. आप्पांनी हे वाचलेलं नाही. त्यांनी गुडघे बघितलेत.

मॅडम : गुडघ्याचं तुम्ही बरोबर बोलता. पण मग ऑस्ट्रेलियाची एलिस पेरी बघा. सोळाव्या वर्षी, २००७मध्ये, क्रिकेट आणि फुटबॉल दोन्हीकडून देशासाठी खेळायला लागली. दोन्ही खेळांचे विश्वचषक खेळली. २०११च्या फुटबॉल विश्वचषकात स्वीडनविरुद्ध गोलही केला.

आप्पा : आता फुटबॉल खेळते?

मॅडम : ...नाही. पुढं क्लबानंच विचारलं, आधी कोण, फुटबॉल की क्रिकेट.

आप्पा : हं.

मॅडम : पण विचारलं तेव्हा तिच्याकडं उत्तर द्यायला दोन खेळ होते! आपली जेमिमा रॉड्रिग्ज हॉकीत महाराष्ट्राकडून खेळायची. हॉकी सोडली, क्रिकेट घेतलं. ३० ऑक्टोबरला विश्वचषकात नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाला हरवलं ते तिच्या नाबाद १२७ धावांनी. तुम्हीच बघत होता ना रात्री?

आप्पा : बघत होतो. रडलोसुद्धा. पण मॅडम, एक सांगतो, रागावू नका. तुमची सगळी उदाहरणं जिंकलेल्यांची आहेत. चार खेळ खेळून एकातही काही न झालेल्या पोरी तुमच्याच कॉलेजातनं किती गेल्या? त्यांचं नाव कुणी घेत नाही. आमच्या तालमीतनंही हजार गेले, एक केसरी झाला. पण ते नऊशे नव्व्याण्णव निदान एकमेकांना ओळखतात. यात्रेत पंच होतात, वस्ताद होतात. तुमची चार खेळांची पोरगी लग्नानंतर कुठं उभी राहते?

मॅडम : एकच खेळ खेळलेली कुठं उभी राहते?

आप्पा : ते मला माहीत नाही.

मॅडम : मला आहे. तुमच्या तालमीला शंभर-दोनशे वर्षांचा वारसा आहे. पोरगं आठ वर्षांचं झालं की आजा त्याला हाताला धरून मातीत नेतो. पोरींना कुणी नेलं? म्हणून त्या जे समोर येईल ते खेळतात. शाळेत कबड्डीचं मैदान असलं तर कबड्डी, शिक्षिकेला खो-खो येत असला तर खो-खो. धाराशिवच्या सारिका काळेंना खो-खो मिळाला. २०१६ला दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांनी भारताचं नेतृत्व केलं, २०२०ला अर्जुन पुरस्कार मिळाला, आज क्रीडा अधिकारी आहेत. चांगलं झालं. पण त्यांच्या शाळेत खो-खो नसता तर? आप्पा, एकच खेळ धर म्हणणं सोपं आहे. कुठला, ते सांगायला त्या खेळाचं दार तालुक्यात असायला लागतं.

किरणच्या बाबतीत हे दार कुठे उघडलं ते बघण्यासारखं आहे. महाराष्ट्राच्या संघात तिचं बस्तान बसत नव्हतं. २०१८च्या सुमारास ईशान्येकडची राज्यं देशांतर्गत क्रिकेटमध्ये नव्याने उतरली होती आणि बाहेरचे खेळाडू घेत होती. किरण नागालँडला गेली. एप्रिल २०२२मध्ये अरुणाचल प्रदेशाविरुद्ध ७६ चेंडूंत नाबाद १६२. टी-ट्वेंटीत दीडशेच्या वर जाणारी ती पहिली भारतीय, पुरुषांतही तोवर कुणी नव्हतं. त्या मोसमात ५२५ धावा आणि ३५ षटकार. महिन्याभरात गहुंजेला महिला टी-ट्वेंटी चॅलेंजमध्ये २५ चेंडूंत अर्धशतक. मग भारत. मग २०२३ला महिला प्रीमियर लीग, यूपी वॉरियर्सने ३० लाखांना घेतलं, आणि पहिल्याच सामन्यात ५३ धावा केल्या त्या बॅटवर कुठल्याही कंपनीचं नाव नव्हतं. तिने पेनाने एमएसडी ०७ लिहिलं होतं.

मिऱ्याहून निघालेली मुलगी पुण्याच्या विद्यापीठातून नागालँडमार्गे भारताच्या संघात पोचते, हा रस्ता कुठल्याही प्रशिक्षणाच्या पुस्तकात नसणार. मला यात तिच्या कर्तबगारीइतकाच आणखी एका गोष्टीचा वाटा दिसतो. या सगळ्या जागा २०१८ ते २०२३ या पाचच वर्षांत तयार झाल्या. तिच्याआधी दहा वर्षं जन्मलेली, तेवढ्याच ताकदीची एखादी भालाफेकपटू आज कुठेतरी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असेल. तीही चार खेळ खेळली असेल.

हे मी बोललो तेव्हा आप्पांनी विषय शेतावर नेला. ते नेहमी नेतात.

आप्पा : आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रानं मालदांडी ३५-१ काढली ती कशी? तीसच्या दशकात. गावरान मालदांडीतनं निवडत निवडत एक वाण धरला. एकच. आजही रब्बीला पेरतोय आपण. सगळेच वाण धरून बसले असते तर काय झालं असतं?

मॅडम : पण निवडायला आधी शिवारभर सगळं उगवू दिलं होतं, आप्पा. दुसऱ्याच दिवशी नाही उपटलं.

आप्पा : (जरा थांबून) उगवू दिलं होतं. पण निवडणारा जाणकार होता. इथं कोण आहे?

मॅडम : मी आहे.

आप्पा : तुम्ही आहात. मग तुम्हीच सांगा, हिच्यात काय बघितलं?

मॅडम : भाला. आणि त्यातनं क्रिकेट. गोळ्याला तिची उंची कमी पडते. कबड्डीत चांगली आहे, पण विद्यापीठाच्या संघात जाईल असं वाटत नाही.

आप्पा : मग कबड्डीला कशाला उतरवता?

याचं उत्तर मॅडमांनी दिलं नाही. ते नातीने दिलं. ती इतका वेळ उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती आणि वाद आपल्याबद्दल नाहीच अशा चेहऱ्याने ऐकत होती.

“मी नसले तर सात होत नाहीत,” ती म्हणाली. “बारा नावं लिहायची असतात. आमच्याकडं आठ आहेत. त्यातल्या एकीचं लग्न ठरलंय.”

एवढं सोपं होतं ते. पुस्तकांत ज्याला बहुखेळ पद्धत म्हणतात, ती मोहोळच्या कॉलेजात कशी येते याचं हे उत्तर मला दुसऱ्या कुणी दिलं नसतं. मुली कमी, म्हणून ज्या येतात त्यांनी सगळं खेळायचं. कॉलेजचा संघ उतरला पाहिजे, गुण मिळाले पाहिजेत, सर्वसाधारण विजेतेपदाच्या यादीत नाव वर आलं पाहिजे.

आप्पा : म्हणजे तुमचा संघ भरायला माझी नात.

मॅडम : हो. (थोडा वेळ गेला.) हो, खोटं नाही बोलत. पण संघ उतरलाच नाही तर पुढच्या वर्षी त्या उरलेल्या सात पोरींच्या घरी काय सांगू? त्यांना कबड्डीच आहे. तुमच्या नातीला भाला तरी आहे. दोन वर्षांपूर्वी कबड्डीच्या निमित्तानंच ती मैदानात आली होती. तेव्हा सातवी म्हणूनच घेतलं होतं. मग एकदा वाट बघत बसली होती तेव्हा भाला हातात दिला.

आप्पांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. राग नव्हता. पैलवान समोरच्याचा डाव कळल्यावर पाय कुठे टाकावा याचा विचार करतो, तसं काहीतरी. कबड्डी नसती तर भाला नाही, हे त्यांना दिसत होतं. आणि गुडघाही दिसत होता.

आप्पा : मैदानीच्या स्पर्धा कुठल्या दिवशी?

नात : कबड्डी आधी दोन दिवस. भाला शेवटच्या दिवशी.

आप्पा : दोन दिवस मॅटवर आदळून तिसऱ्या दिवशी भाला फेकणार? नाही. कबड्डी नाही म्हणून सांग. आजा नको म्हणतो म्हणून सांग.

नात : मग सातवी कुठनं आणायची?

आप्पा : तो मॅडमचा प्रश्न.

मॅडमांनी खरंच फोन काढला. यादी बघायला लागल्या. ही नको, हिची परीक्षा आहे. हिच्या घरचे सोलापूरला सोडत नाहीत. हिला चष्मा आहे. नात शेजारी जाऊन बसली आणि नावं सुचवायला लागली. आप्पा दोन मिनिटं ऐकत राहिले. मग राहवलं नाही.

आप्पा : ती आपल्या मागच्या गल्लीतली पोरगी घ्या की. सकाळी दूध घालायला येते ती. काय चपळ आहे! परवा वासरू सुटलं तर रस्त्यात आडवं जाऊन धरलं तिनं.

मॅडम : आप्पा, ती खो-खोची आहे.

आप्पा : मग काय झालं? खो-खो खेळते म्हणून कबड्डी येत नाही होय तिला?